लेबलावरची आई

गोळीबार चौक, नागपूर
४ डिसेंबर १९७७

चंद्रकले,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि हात थांबला. दोन वर्षांत तुला एक ओळ पाठवली नाही, आता एकदम मोठ्या भावाचा थाट कशाला? तू मानलास तर आशीर्वाद आहे, नाहीतर नुसता कागद समज. तुझा बिलासपूरचा पत्ता तुझ्या वहिनीनं तांदळाच्या डब्यात जपून ठेवला होता. मला माहीत होतं. मैना त्या डब्यापाशी गेली की बांगड्या हातानं धरून ठेवायची, वाजू नयेत म्हणून. न वाजलेल्या बांगड्याही मला ऐकू येतात, तुला ठाऊक आहे.

इकडे सारं ठीक. हिंगण्याला शेड घेतली. बाटल्या धुवायला बावीस बाया आहेत. आपलं 'रुख्माई ब्राह्मी टॉनिक' आता उमरेडपासून भंडाऱ्यापर्यंत जातं. मौद्याच्या बाजारात सायकलवर पेटी बांधून ओरडत फिरणारा ईश्वर कोष्टी आता खुर्चीवर बसून ओरडतो, एवढाच फरक.

आई बरी आहे. थोडा विसराळूपणा आला आहे, पण बहात्तर वय म्हणजे चालायचंच. परवा शेजारच्या नत्थूजींकडे गेली आणि त्यांच्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. नत्थूजी म्हणाले, काकू, हा माग माझा. तर म्हणाली, माझ्या घरात येऊन मलाच सांगून राहिला का गा? दोन तास उठली नाही. विणायला धोटा मागत होती. सारी गल्ली हसली, मीही हसलो. मग उठवताना पाहिलं, पाऊल जमिनीला टेकलं की नाही ते तिला कळत नव्हतं. खाली वाकून डोळ्यांनी बघत होती, पाय कुठे आहे ते.

एक काम होतं. तुमच्या दवाखान्यात मेंदूसाठी एखादं विलायती टॉनिक येतं का? मोठ्या डॉक्टरांना विचारून नाव कळव, मी मुंबईहून मागवून घेईन. टॉनिकवाला टॉनिक मागतो म्हणून हसशील. हस.

जमलं तर ये. आई रोज तुझं नाव काढते.

ईश्वरदास


२६ डिसेंबर १९७७

चंद्रकले,

तुझं कार्ड आलं. जीभ कशी आहे? पायाला मुंग्या येतात का? रक्त तपासलं का? तीन प्रश्न, खाली सही नाही. मास्तरांनी पाटीवर लिहून दिल्यासारखं. टॉनिकचं नाव मात्र नाही.

उत्तरं लिहितो. जीभ लाल आहे, काचेसारखी गुळगुळीत. साधं वरणही तिला झोंबतं. आम्ही म्हणायचो, पानाला चुना जास्त लावते. पायाला मुंग्या येतात. आता मुंग्याही येत नाहीत, नुसते लाकडासारखे झाले आहेत. त्याला आम्ही काय म्हणायचो ते तुला सांगायला नको, आपल्या गल्लीत वाढलीस. खड्ड्याचे पाय. बाबांचे तसे होते, आजोबांचे तसे होते. बाबा गेल्यावर आई स्वतः अकरा वर्षं मागावर बसली, ओल्या खड्ड्यात पाय टाकून. कोष्ट्याच्या म्हातारीचे पाय बधिर झाले म्हणून डॉक्टरकडे नेलं असतं तर गल्लीनं मलाच वेड्यात काढलं असतं. रक्त तपासलं नाही.

आता दुसरं लिहितो. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

पंच्याहत्तर सालच्या भाऊबीजेला तू आली होतीस. आईला खिडकीपाशी नेऊन जीभ काढायला लावलीस आणि म्हणालीस, दादा, हिचं रक्त तपास, तुझ्या शरबतानं हे जायचं नाही. ओसरीवर बाबनराव चहा पीत होता, कुहीकडचा आपला एजंट. त्याच्यासमोर तू शरबत म्हणालीस. मी म्हटलं, नर्स झालीस, डॉक्टरीण नको होऊ. मग आणखी बरंच म्हटलं. ओवाळणीचं ताट तसंच राहिलं आणि तू चपला घातल्या. इथपर्यंत तुला माहीत आहे.

माहीत नाही ते हे, की तू खोटं बोललीस म्हणून मला राग आला नव्हता.

तू बिलासपूरला गेलीस त्यानंतर मी आईला बाजारात न्यायला लागलो होतो. बाटलीच्या लेबलावर तिचा फोटो छापला होता, खाली 'वय वर्षं सत्तर, सारं आठवते'. लोक म्हणायचे, हे काय खरं? मग मी तिलाच पेटीजवळ मोड्यावर बसवायचो. एखादी बाई पुढे यायची, गाव आणि घराणं सांगायची. आई डोळे मिटायची आणि सांगायची, तुझ्या आजीच्या लग्नातलं लुगडं मीच विणलं वं, जांभळं, करवती किनार, पदराले तीन पट्टे. त्या बाईच्या डोळ्यांत पाणी. माझ्या बाटल्या संपल्या. त्यात लबाडी काहीच नव्हती, चंद्रकले. तिला खरंच आठवायचं. फक्त ते टॉनिकनं आठवत नव्हतं. विणलेलं ती विसरत नव्हती, एवढंच. तरी टॉनिकही ती घ्यायची, दोन वेळा दोन चमचे, न चुकता. लेकाची वस्तू म्हणून.

तू आलीस त्याच्या महिनाभर आधी, कुहीच्या बाजारात, वेलतूरची एक म्हातारी पुढे आली. घराणं सांगितलं. आईनं डोळे मिटले. ते उघडेचनात. भोवती चाळीस-पन्नास माणूस. मग तिनं डोळे उघडले आणि मला विचारलं, "ईश्वर, मी इथं काहून आली?"

मी हसून म्हटलं, ऊन लागलं म्हातारीला. पेटी आवरली. गर्दीत मागं एक जण बोलला, लेबल बदलव गा आता. हळूच बोलला होता, पण माझे कान.

त्या दिवसापासून तिला बाजारात नेलं नाही. कुणी विचारलं की सांगायचो, बहिणीकडे गेली, तीर्थाला गेली. ती मागच्या खोलीत होती. एजंट घरी आले की मैना तिच्याजवळ बसायची आणि खोलीला बाहेरून कडी लावायची. मैनेनं स्वतःहून नाही लावली. मी लावायला सांगितली.

तू 'रक्त तपास' म्हणालीस तेव्हा मला एवढंच दिसलं, की दवाखान्याच्या बाकावर लेबलावरची बाई बसली आहे आणि शेजारी मी बसलो आहे.

उद्या नेतो. महालातल्या डॉक्टरकडे नाही, तिथे सारे ओळखतात. धंतोलीत नेतो.

ईश्वरदास


१५ जानेवारी १९७८

चंद्रकले,

धंतोलीतही ओळखलं.

डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या, चारुलताबाई नाव. आईकडे बघून म्हणाल्या, ह्या त्या बाटलीवरच्या ना? माझ्या सासूबाई घेतात. मी म्हटलं, हो. त्या हसतील म्हणून मी तयार बसलो होतो. हसल्या नाहीत. त्यानं जास्त वाईट वाटलं.

जीभ पाहिली, पायाच्या अंगठ्याला कंप देणारा चिमटा लावला, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. आई एका बाजूला कलली, मी धरली. रक्त घेतलं. मग विचारलं, खातात काय?

मी अभिमानानं सांगायला लागलो. बाबा गेले, आईनं महानुभावांचा उपदेश घेतला, मटण-मासळी सुटली. साऱ्या नागपुरात आमच्या लोकांच्या रश्श्याचं नाव, आणि ही त्या चुलीकडे फिरकत नाही. पुढे बाया काशीला निघाल्या, तर उपदेशी असूनही त्यांच्याबरोबर गेली. तिथे आवडती वस्तू सोडतात. तिला दूध आवडायचं, तर दूध सोडलं. दूध म्हणजे दही, ताक, सारंच. आठ-नऊ वर्षं झाली, कोरा चहा पिते. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांचा पेन थांबला.

चार दिवसांनी रिपोर्ट घेऊन बसवलं आणि समजावून सांगितलं. एक जीवनसत्त्व असतं, ते मांसात आणि दुधात मिळतं, भाजी-भाकरीत नाही. शरीर त्याचा साठा बरीच वर्षं पुरवून वापरतं. संपला की रक्त फिकं होतं, जीभ सोलते, पाय बधिर होतात आणि डोकं विसरायला लागतं. म्हातारपणाचा विसर वेगळा असतो आणि हा वेगळा, पण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तुला हे सारं माहीत आहे. तू खिडकीपाशी जीभ बघूनच ओळखलं होतंस.

मी विचारलं, माझ्या टॉनिकमध्ये ते असतं का? ब्राह्मी, गूळ, ओवा आणि लोहाची चिमूट, मी सारं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाही. तुमच्या टॉनिकनं त्यांचं काही बिघडलं नाही, ईश्वरदासजी. तुमची वेळ गेली."

किती दिवस झाले, विचारलं तेव्हा मी म्हटलं, सहा महिने. मैना माझ्या मागं उभी होती. बारा वर्षांच्या संसारात ती परक्या माणसासमोर माझ्या शब्दावर बोलली नव्हती. म्हणाली, दोन वर्षं झाले, बाई. दोन वर्षांच्या वर.

पहिलं इंजेक्शन तिथेच दिलं. लालभडक, कुंकवाच्या पाण्यासारखं. आता एकाआड एक दिवस देतात. जीभ बरी होईल, पायही बरेचसे सुधारतील म्हणतात. डोक्याचं किती परत येईल ते सांगत नाहीत. दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर? मी विचारलं. म्हणाल्या, तेव्हा मी भरवसा दिला असता.

आणखी एक. हे मैनेलाही पुरतं माहीत नाही. गेल्या पावसाळ्यात एकदा आईनं माझ्याकडे दूध मागितलं. लहान पोरीसारखं मागितलं. मले पेलाभर दूध दे ना गा, ईश्वर. आपण ते सोडलं, हे ती विसरली होती. मीच आठवण करून दिली. म्हटलं, आई, काशीला सोडलंस ना? ती खजील झाली. कानाला हात लावला, म्हणाली, बरं केलं सांगितलं, पाप झालं असतं. आणि मी बाहेर येऊन बाबनरावला सांगितलं, बघा, या वयात किती निष्ठा आहे.

तिचं शरीर मागत होतं, चंद्रकले. पेला माझ्या हातात होता.

ये. भांडायला तरी ये.

ईश्वरदास


२० मार्च १९७८

चंद्रकले,

चांगलं आधी लिहितो. आईची जीभ भरून आली. मैनेनं केलेलं पिठलं मिरचीसकट खाल्लं आणि मीठ कमी आहे म्हणाली. चालते. भिंत धरते, पण खाली न बघता चालते. चारुलताबाईंनी डोळे मिटायला सांगितले तर सरळ उभी राहिली, आणि वर त्यांना विचारलं, आता किती वेळ आंधळं ठेवता?

मैनेला ओळखते. नत्थूजींना ओळखते, त्यांच्या मागाकडे बघून म्हणाली, तुझा माग त माझ्यापेक्षा खराब आहे गा. काल लुगड्याची एक घडी हातात घेतली आणि नखानं तार मोजत बसली. बरोबर मोजली. मात्र बाबा गेले, हे तिला दर दोन दिवसांनी नव्यानं सांगावं लागतं. आता सांगणं सोडलं आहे. कामठीला गेले म्हणतो.

कडी काढून टाकली, भोकंही बुजवली. एजंट आले की ती ओसरीवरच असते. बाबनरावनं विचारलं, मालक, माल कसा खपवायचा? म्हटलं, नको खपवू. लेबल बदललं. आईचा फोटो नाही, स्मरणशक्तीचं नाव नाही. 'भूक लागते' एवढंच छापतो. ओवा आहे, तेवढं खरं आहे. कारखाना बंद करावा असं दोनदा मनात आलं, पण बाटल्या धुणाऱ्या बायांना काय सांगू? हा माझा बहाणाही असेल. तू ठरव.

आता तुझ्या पत्राचं. पहिल्यांदाच कार्ड सोडून पाकीट पाठवलंस. तू लिहिलंस, "तू बोलावतोस म्हणून मी येणार नाही. आई रोज माझं नाव काढते असं तू डिसेंबरात लिहिलं होतंस. तिला माझी आठवण असेल आणि तिनं बोलावलं, तर त्याच दिवशी निघते. नाहीतर आईनं मला परकी नर्स समजून हात जोडलेले मला बघवणार नाहीत."

बरोबर आहे. थोडे दिवस दे. एक-दोन आठवड्यांत नक्की कळवतो.

ईश्वरदास


१६ एप्रिल १९७८

चंद्रकले,

एक-दोन आठवडे म्हणालो होतो, चार होत आले.

आई रोज तुझं नाव काढते, हे मी खोटं लिहिलं होतं. गेल्या दोन वर्षांत तिनं तुझं नाव एकदाही काढलं नाही. तू यावीस म्हणून लिहिलं. माल खपवायची सवय आहे मला, तसंच लिहिलं.

तुझं पाकीट आल्यापासून मी रोज तिच्याजवळ बसतो. आडून आडून विचारतो. आई, तुला पोरं किती? म्हणते, तू आहे ना. आणि? मग लुगड्याचा काठ चाचपते. बिलासपूरच्या गाडीचं बोललो, शाळेचं बोललो, तुझ्या गोवराचं बोललो. ऐकते आणि खिडकीबाहेर बघते. तुझा नर्सच्या टोपीतला फोटो पुढे धरला. फोटो उलटा करून मांडीवर ठेवला आणि मला म्हणाली, जेवला का?

मी समजलो, तू तिच्यातून गेलीस. जे परत यायचं नव्हतं त्यात तू होतीस. चारुलताबाईंनाही तसंच वाटलं. तुला कसं लिहावं, तेच मला चार आठवडे सुचत नव्हतं.

परवा दुपारी मी हिंगण्याहून लवकर आलो. मागच्या दारानं आत शिरलो, चपला हातात होत्या, कारण मैनेनं नुकतंच सारवलं होतं. सैपाकघरात दोघी गहू निवडत होत्या. मी आलो हे त्यांना माहीत नव्हतं. मैना सहज म्हणाली, आत्याबाई, चंद्रकला असती तर एका बैठकीत पोतं निवडलं असतं. तुम्हाला आठवते का चंद्रकला?

सुपातला आवाज थांबला. आणि आई बोलली, अगदी हळू. पण माझे कान, चंद्रकले. हे कान मला देवानं कशासाठी दिले असतील ते परवा कळलं.

म्हणाली, "हळू बोल वं, मैना. ईश्वर घरी आहे का? त्याच्यासमोर तिचं नाव नोको घेऊ. मंग जेवतच नाई तो."

मैनेनं विचारलं, मग तुम्हाला ती आठवते?

म्हणाली, "माही पोरगी मले नाई आठवन? पण पोरगा उपाशी राहते ना."

त्या भाऊबीजेला तू गेल्यावर जे झालं ते मी कुठल्याच पत्रात लिहिलं नाही. आई जेवायला वाढत होती आणि रडत होती, चंद्रकलेला परत बोलाव म्हणत होती. मी ताट सरकवलं. म्हटलं, तिचं नाव या घरात कुणी घेतलं तर मी अन्नाला शिवणार नाही. आणि दोन दिवस खरंच जेवलो नाही. बाहेर बाबनरावबरोबर खात होतो, पण तिला ते माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्यासमोर हात जोडले, म्हणाली, नाई घेत. जेव.

बाबा गेलेले विसरली, काशी विसरली, स्वतःचा माग कोणता ते विसरली. एवढं विसरली नाही. मी फोटो पुढे धरत होतो, आडून विचारत होतो, तेव्हा ती मला जेवायला लावत होती.

मी तसाच आत गेलो आणि तिच्यासमोर तुझं नाव घेतलं. मोठ्यानं घेतलं. चंद्रकला, चंद्रकला, बघ आई, मीच म्हणतो. ती घाबरली. सूप खाली ठेवलं आणि घाईनं माझ्यासाठी ताट घेऊन वाढायला लागली. मी जेवलो. तिच्यासमोर बसून, तुझं नाव घेत, तीन भाकरी खाल्ल्या. प्रत्येक घासाला ती माझ्या तोंडाकडे बघत होती. पण स्वतः काही बोलली नाही. संध्याकाळीही नाही, आजही नाही. मी घातलेली गाठ मला सुटत नाही. मी समोर असलो की ती आणखी आवळते.

म्हणून तू येऊ नकोस, मीच तिला घेऊन येतो. गुरुवारी, वीस तारखेला, सकाळच्या गाडीनं निघतो. मैनाही बरोबर आहे. तू फलाटावर ये. इंजेक्शनांची चिठ्ठी, रिपोर्ट, चारुलताबाईंचं पत्र, सारं मैनेच्या पिशवीत असेल. पुढची इंजेक्शनं तुझ्या हातानं दे. तिला तिथे महिना ठेव, वर्ष ठेव, तुला वाटेल तेवढं ठेव.

मैना तिला धरून खाली उतरवेल. पाऊल टाकताना ती अजून थोडी थांबते, घाई करू नका. तू समोर जा. बोलायचं ते बोल. मी डब्यात पलीकडच्या खिडकीला बसून राहीन आणि तुम्ही तिघी फलाटाबाहेर गेल्यावरच उतरेन. मला शोधू नका. ती तुझं नाव घेईल तेव्हा मी तिला दिसायला नको.

ईश्वरदास